एसएसडीचा स्पीड नेमका मोजायचा कसा? खोक्यावर ३५००, मोजल्यावर १७४२

मार्कंडेय_काठ
नमस्कार मंडळी. तीन प्रश्न आहेत, आकडे आधी देतो.

पहिला: ५१२ जीबीचा एनव्हीएमई एसएसडी (थेट पीसीआयईवर चालणारा वेगवान प्रकार), जेन ३ (म्हणजे पीसीआयई ३.०), टीएलसी मेमरीचा, स्वतःची डीरॅम चिप नसलेला. खोक्यावर वाचन ३५००, लेखन २९०० छापलंय (सगळे स्पीड एमबी प्रति सेकंद). लॅपटॉपच्या दुसऱ्या एम.२ स्लॉटमध्ये बसवलाय. स्पीड मोजणारं क्रिस्टलडिस्कमार्क ८, काही न बदलता, चारपैकी तीन ओळी ('सीक्वेन्शियल' म्हणजे सलग, 'रँडम ४के' म्हणजे ४ केबीचे विखुरलेले तुकडे, 'क्यू' म्हणजे एकदम किती मागण्या):
सीक्वेन्शियल १ एम क्यू८ : वाचन १७४२, लेखन १६८८
रँडम ४के क्यू३२ : वाचन ४१२, लेखन ३८७
रँडम ४के क्यू१ : वाचन ५२, लेखन १३८

दुसरा: डीटीपीच्या कामाचा जुना असेंबल्ड पीसी, एच६१ चिपसेटचा बोर्ड, ४८० जीबी साटा (जुन्या, हळू जोडणीचा) एसएसडी. सीक्वेन्शियल २७७ / २५५. रँडम ४के क्यू३२ वाचन २३, क्यू१ वाचन २२.

तिसरा: वर सांगितलेल्या एनव्हीएमईवर २०० जीबी जागा मोकळी असताना चित्ररथ मिरवणुकीचं १४० जीबी फुटेज टाकलं (मूळ फाइली पहिल्या स्लॉटमधल्या एनव्हीएमईवर). ६० जीबीपर्यंत १३००-१४०० ने गेलं, मग एकदम २८० वर आलं आणि तिथंच राहिलं.

ड्राइव्ह डुप्लिकेट आहे काय? यातला खरा आकडा कुठला धरायचा? आणि दुकानात काउंटरवर दहा मिनिटं मिळाली तर नेमकं काय बघायचं?

संकेश्वरी_मिरची
खोक्यावरचा आकडा म्हणजे लग्नाच्या बायोडाटातली उंची. 😄

खानापूरकर
खोट्या क्षमतेचा डुप्लिकेट असता तर बहुधा फाइली करप्ट झाल्या असत्या. घाबरू नका. १७४२ हा आकडाच बोलतोय.

पीसीआयई ३.० च्या एका लेनमधून (डेटाची एक वाट) साधारण ९८५ एमबी प्रति सेकंद जातं. चार लेनला ३९४०, त्यातलं प्रोटोकॉलचं ओझं वजा करून हातात येतं ३५०० च्या आसपास. दोन लेनला १९७०, आणि हातात १७०० ते १८००. तुमच्या दुसऱ्या स्लॉटला दोनच लेन जोडलेल्या असणार. बऱ्याच लॅपटॉपमध्ये असंच असतं.

खात्री करायला बेंचमार्क लागतच नाही. ड्राइव्हची माहिती दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो उघडा, 'ट्रान्सफर मोड' बघा. तिथं दोन आकडे असतात, मध्ये उभी रेघ. डावीकडे सध्या जोडलंय ते, उजवीकडे ड्राइव्हला जमतं ते. डावीकडे '३.० ×२' आणि उजवीकडे '३.० ×४' दिसलं की विषय संपला.

कॅश_संपली
खानापूरकरांशी सहमत. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देतो, कारण माझ्या नावातच आहे.

टीएलसीच्या एका सेलमध्ये तीन बिट बसतात, खरं तसं लिहायला वेळ लागतो. म्हणून कंट्रोलर (ड्राइव्ह चालवणारी चिप) मोकळ्या सेलमध्ये आधी एकच बिट लिहून मोकळा होतो. ही एसएलसी कॅश. ती वेगळी चिप नसते, तुमच्याच मोकळ्या जागेतून उसनी घेतलेली असते. तीन बिटांच्या जागी एक, म्हणजे २०० जीबी मोकळी असेल तर जास्तीत जास्त २०० भागिले ३, साधारण ६६ जीबी. तुमचा स्पीड ६० ला पडला. हिशोब जुळतोय.

त्यानंतर कंट्रोलरला दोन कामं एकदम करावी लागतात: येणारा डेटा घ्यायचा, आणि आधी एक-एक बिटाने पसरलेला डेटा तीन-तीन बिटांत घडी घालून ठेवायचा. २८० म्हणजे त्या दोन्ही कामांचा मिळून स्पीड. स्वस्त टीएलसीला हे ठीकच आहे. क्यूएलसी (सेलमागे चार बिट) असता तर भागिले ४, आणि कॅश संपल्यावर १०० च्या आसपास, कधी त्याहूनही खाली, म्हणजे हार्डडिस्कपेक्षा हळू.

आता यातली गोम. क्रिस्टलडिस्कमार्कची डिफॉल्ट टेस्ट फाइल १ जीबीची. ती कायम कॅशमध्येच बसते. त्यामुळे लेखनाचा जो आकडा तुम्ही बघता तो कॅशचा आकडा, ड्राइव्हचा नव्हे. नुसती साइझ वाढवूनही पूर्ण चित्र कळत नाही, कारण प्रत्येक फेरी पाचच सेकंद चालते.

उद्यमबाग_सीएनसी
एवढं कशाला? डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये जा, पॉलिसीज टॅब, 'राइट-कॅश बफर फ्लशिंग बंद करा' वर टिक मारा. लेखनाचे आकडे लगेच वाढतात.

शहापूर_पिक्सेल
@उद्यमबाग_सीएनसी नको हो अण्णा, असलं सुचवू नका. त्या टिकमुळे ड्राइव्ह वेगवान होत नाही. 'हा डेटा आत्ताच्या आत्ता पक्का लिही' असा विंडोजचा निरोप ड्राइव्हकडे जायचा बंद होतो, एवढंच. लाईट गेली की कॅशमध्ये अडकलेलं सगळं जातं, आणि ते नुसतं चालू डॉक्युमेंट नसतं, फाइल सिस्टमची यादीसुद्धा असते. घरगुती एसएसडीवर लाईट गेल्यावर तग धरायला कपॅसिटर नसतात, ते सर्व्हरच्या ड्राइव्हवर असतात. हेस्कॉमच्या विजेच्या भरवशावर ती टिक मारायची म्हणजे झालंच.

तिथं दोन टिका आहेत. वरची (राइट कॅशिंग चालू) राहू द्या. खालची मारू नका. लॅपटॉपला बॅटरी आहे म्हणून चालेल असं कुणी म्हणेल, पण विंडोज अडकून बटण दाबून बंद करावा लागतोच की.

उद्यमबाग_सीएनसी
बरं बा, मागे घेतलं. खरं यूपीएस असेल तर?

शहापूर_पिक्सेल
यूपीएसची बॅटरी दोन वर्षांची झाली असेल तर तो यूपीएस नव्हे, स्विचबोर्ड.

संकेश्वरी_मिरची
😂😂 हे फ्लेक्सवर छापून दुकानापुढं लावतो.

टक्स_तिलारी
एच६१ कडे कुणी बघेना, म्हणून मी बघतो. तिथं दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

२७७ चं कारण चिपसेट. एच६१ ला साटा ३ पोर्टच नाही, चारही पोर्ट साटा २, म्हणजे ३ गिगाबिट. ८ बिटांमागे १० बिट पाठवायची पद्धत असल्यामुळे ३०० एमबी ही कमाल मर्यादा, हातात २७० ते २८०. पोर्ट बदलून, केबल बदलून, ड्राइव्ह बदलून काहीही होणार नाही. बी७५ वर एक पोर्ट ६ गिगाबिटचा असतो, एच८१ वर दोन. त्या बोर्डांवर एसएसडी चुकून साटा २ पोर्टला लावलेला फार वेळा सापडतो. बोर्डवर पोर्टशेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, आणि रंगही बहुतेक वेगळा असतो.

खरी गडबड दुसऱ्या आकड्यात आहे. क्यू३२ ला २३ आणि क्यू१ ला २२. क्यू३२ म्हणजे एकदम ३२ मागण्या ड्राइव्हच्या पुढ्यात ठेवायच्या, तो सोयीने कुठल्याही क्रमाने उरकतो. साटा २ वरसुद्धा तिथं क्यू१ च्या सहा-सातपट यायला हवं. दोन्ही सारखेच येतात याचा अर्थ बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) साटा मोड जुना आयडीई आहे, रांग हाताळणारा एएचसीआय नाही. आयडीईत रांग लावायची सोयच नाही, एका वेळी एकच मागणी.

तडकाफडकी बायोसमध्ये एएचसीआय करू नका, निळी स्क्रीन येईल. विंडोज १० ला असं करा: एमएसकॉन्फिग उघडून बूट टॅबमध्ये सेफ बूटला टिक, रीस्टार्ट, लगेच बायोसमध्ये जाऊन आयडीईचं एएचसीआय करा, सेव्ह करा. सेफ मोडमध्ये मशीन उठलं की विंडोज स्वतःच ड्रायव्हर बदलून घेतं. मग सेफ बूटची टिक काढून पुन्हा रीस्टार्ट. विंडोज ७ असेल तर आधी रजिस्ट्रीत एमएसएएचसीआय सर्व्हिसचा स्टार्ट आकडा ० करावा लागतो.

जी४१ बोर्डवाल्यांनी हा पर्याय शोधू नये. त्यावरच्या साध्या आयसीएच७ चिपमध्ये एएचसीआय नाहीच.

निपाणी_नाका
एच६१ ला एम.२ स्लॉटवाले नवे बोर्डही मिळतायत हल्ली. त्यात एनव्हीएमई टाकला तर?

टक्स_तिलारी
चिपसेटच्या लेन पीसीआयई २.० च्या. एका लेनला ५०० एमबी, हातात ४०० च्या आसपास. स्लॉटला किती लेन दिल्यात ते बोर्डागणिक बदलतं. साटा २ पेक्षा बरं, एवढंच. आणि स्लॉट एनव्हीएमई घेतो की फक्त साटाचा एम.२, ते आधी विचारा. ड्राइव्हला दोन खाचा दिसल्या तर बहुधा साटा, एकच खाच असेल तर बहुधा एनव्हीएमई. बहुधा म्हटलंय, लेबल वाचाच.

घटप्रभा_पॅसेंजर
माझं मत जरा वेगळं. बेंचमार्कच मुळात कशाला? आपल्या कामाच्या फाइली कॉपी करून बघाव्यात. जे दिसेल ते खरं.

कॅश_संपली
@घटप्रभा_पॅसेंजर कॉपी म्हणजे दोन ड्राइव्हची परीक्षा एकदम. कुठला नापास झाला ते कळत नाही. हार्डडिस्कवरून एनव्हीएमईवर टाकलं तर १५० च दिसणार, त्यात एनव्हीएमईचा काय दोष? शिवाय विंडोजच्या कॉपीच्या हिरव्या आलेखात सुरुवातीचा उंच डोंगर असतो तो रॅमचा. ८ जीबी फाइल 'संपली' म्हणून खिडकी बंद होते, ड्राइव्ह मागून लिहीत असतो. कॉपीच करायची तर रोबोकॉपी वापरा आणि स्लॅश-जे पर्याय द्या, म्हणजे मोठ्या फाइली रॅमच्या बफरमध्ये न थांबता जातात.

घटप्रभा_पॅसेंजर
स्लॅश-जे माहीत नव्हतं. तरी माझा मुद्दा शिल्लक आहे. टॅलीत एंट्री करणाऱ्याला ३५०० काय आणि १७४२ काय.

खानापूरकर
त्यात मात्र पूर्ण सहमत. टॅली, डीटीपी, ग्राम वन या सरकारी सेवा केंद्रातला ब्राउझर, विंडोजचं बूट, हे सगळं बारक्या-बारक्या वाचनाचं काम. त्याचा आकडा सगळ्यात खालच्या ओळीत असतो: ४के क्यू१ वाचन. लोक वरची ओळ बघून पैसे देतात.

मार्कंडेय, तुमचे ५२ एमबी घ्या. ५२० लाख बाइट भागिले ४०९६ म्हणजे सेकंदाला १२,७०० मागण्या. एका मागणीला ७९ मायक्रोसेकंद. साटा एसएसडीला इथं २५ ते ४० येतात, एनव्हीएमईला ५० ते ८०, फिरत्या हार्डडिस्कला १ सुद्धा येत नाही. म्हणून हार्डडिस्क काढून एसएसडी टाकला की मशीन नवं वाटतं, आणि साटा काढून एनव्हीएमई टाकला की 'झालं का काही?' असं विचारावं लागतं. शिवाय ही ओळ लेनवर अवलंबून नाही. ×२ स्लॉटमध्येही ५२, ×४ मध्येही जवळपास तेवढेच.

संकेश्वरी_मिरची
मर्दा, म्हणजे ३५०० वाला घेऊन वरच्या ओळीचा फोटो स्टेटसला टाकायचा, आणि काम खालच्या ओळीने करायचं. आलं ध्यानात.

अथणीचं_ऊन
तापमानाचं कुणी बोलेना. बेळगावात थंड हवेत बसून टेस्ट करणाऱ्यांना पटत नाही, खरं आमच्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या आसपास जातो. खोलीत २५ असताना ड्राइव्ह ६२ ला थांबत असेल, तर खोलीत ३८ झाले की तोच ड्राइव्ह ७५ ला जातो. बरेच कंट्रोलर ७० ते ८० च्या दरम्यान स्वतःला आवरतात, लेखन निम्म्यावर किंवा त्याहून खाली.

आणि क्रिस्टलडिस्कमार्क हे लपवतो. पाच फेऱ्यांमधली सगळ्यात चांगली फेरी तो दाखवतो, सरासरी नव्हे. पहिली फेरी ३४०० आणि पाचवी ९०० असली तरी खिडकीत ३४०० च राहणार. टेस्ट चालू असताना शेजारी क्रिस्टलडिस्कइन्फोचं तापमान उघडं ठेवा, दर मिनिटाला रिफ्रेश करा.

हीटसिंक लावताना थर्मल पॅडच्या दोन्ही बाजूंचं प्लास्टिक काढा. पॅड निळा किंवा करडा, त्यावरचा पातळ कागद पारदर्शक, त्यामुळे दिसत नाही. नखाने कोपरा उचलून बघायचा. तो कागद तसाच राहिला की हीटसिंक नसल्यापेक्षा वाईट, कारण वारासुद्धा लागत नाही. पॅड कंट्रोलरवर बसलाय की नुसत्या मेमरी चिपवर, तेही बघा. तापतो मुख्यतः कंट्रोलर, बहुतेकदा कनेक्टरच्या बाजूची चौकोनी चिप.

निपाणी_नाका
हीटसिंक म्हणून कुंद्याचा रिकामा डबा चालेल काय?

अथणीचं_ऊन
रिकामा चालेल. भरलेला असेल तर पत्ता पाठवा, तपासून सांगतो.

शहापूर_पिक्सेल
एक शंका. रोज बेंचमार्क मारत बसलं तर ड्राइव्ह झिजतो म्हणतात. १ जीबी फाइल, पाच फेऱ्या, म्हणजे ५ जीबीच ना?

कॅश_संपली
नाही, इथं बरेच फसतात. फेरी फाइलच्या साइझवर संपत नाही, वेळेवर संपते. तीच १ जीबी जागा पाच सेकंद पुन्हा-पुन्हा लिहिली जाते. ३००० एमबीने पाच सेकंद म्हणजे १५ जीबी, पाच फेऱ्यांचे ७५ जीबी, आणि ही नुसती वरची ओळ. चारही ओळी मिळून वेगवान ड्राइव्हवर १५० जीबीपर्यंत सहज जातं. टेस्टच्या आधी आणि नंतर क्रिस्टलडिस्कइन्फोत 'टोटल होस्ट राइट्स' (आजवरचं एकूण लेखन) बघा, तिथं पुरावा आहे.

तरी झिजण्याची भीती नको. ५०० जीबी टीएलसी ड्राइव्हला ३०० टीबी लेखनाची हमी सर्रास मिळते. १५० जीबीने भागलं तर २००० वेळा टेस्ट. दुकानदाराचा संयम आधी संपेल. फेऱ्या पाचच्या तीन करा, मधली विश्रांती ५ सेकंदांची ३० करा, कमी झिजतो आणि आकडाही खरा येतो.

टक्स_तिलारी
वाचनाच्या टेस्टमधले दोन चकवे सांगून ठेवतो.

एक, कोरा किंवा नुकताच ट्रिम केलेला (पुसलेली जागा मोकळी झाल्याचं कळवलेला) ड्राइव्ह. ज्या जागेवर कधी लिहिलंच नाही तिथलं वाचन मागितलं तर कंट्रोलर चिपकडे जातच नाही, स्वतःच्या यादीत बघतो आणि शून्यं परत करतो. एचडी ट्यूनसारखं थेट ड्राइव्ह वाचणारं साधन अशा वेळी अफाट आकडा दाखवतं. आधी ड्राइव्ह खऱ्या डेटाने भरा, मग वाचा.

दोन, जुना डेटा. बेंचमार्क स्वतः फाइल लिहितो आणि लगेच वाचतो. आठ महिन्यांपूर्वी लिहिलेली फाइल वाचताना चार्ज किंचित ओघळलेला असतो, कंट्रोलरला दुरुस्ती करत वाचावं लागतं. २०१४ मध्ये सॅमसंग ८४० इव्होला हेच झालं होतं. बेंचमार्क झकास, आणि जुन्या फाइली वाचायला घेतल्या की रांगत. पुढे नवं फर्मवेअर (ड्राइव्हमधलं सॉफ्टवेअर) आणून दुरुस्त केलं. तेव्हा ताजी फाइल आणि जुनी फाइल दोन्ही वाचून बघा.

लिनक्सवाल्यांसाठी एफआयओ हे मोजणीचं साधन उत्तम. डायरेक्ट पर्याय १ ठेवा, नाहीतर रॅमच मोजाल. ब्लॉक १ एमबी, रांग ८, साइझ मोकळ्या जागेच्या निम्मी, आणि दर सेकंदाची नोंद फाइलमध्ये काढा. त्या नोंदीचा आलेख काढला की कॅश कुठे संपते तो कडा लख्ख दिसतो. फाइलनेम मात्र फाइलचंच द्या. तिथं थेट ड्राइव्हचं नाव दिलंत तर विचारणार नाही, पुसून टाकेल.

डीडी कमांडवर विसंबू नका. शून्यं लिहिणारा डीडी आणि शून्यांचा एटो बेंचमार्क, दोन्ही काही कंट्रोलरवर फुगलेले आकडे देतात. जुने सँडफोर्स कंट्रोलर डेटा दाबून लिहायचे, शून्यं दाबली की काहीच उरत नाही. व्हिडिओ आधीच दाबलेला असतो, तिथं ती जादू चालत नाही.

निपाणी_नाका
साटा एसएसडीवर ५००० दाखवणारे स्क्रीनशॉट फिरत असतात ते काय मग?

खानापूरकर
रॅम. साटा ३ वर ५६० च्या वर दिसलं की डोळे झाकून रॅम म्हणायचं. कंपनीच्या सॉफ्टवेअरमधला रॅम कॅशिंगचा पर्याय चालू असतो.

घटप्रभा_पॅसेंजर
जरा विषयांतर. बेळगावात घ्यावा की कोल्हापुरात? कोल्हापुरात शे-दोनशे कमी पडतात म्हणे.

संकेश्वरी_मिरची
एसटीचं तिकीट आणि मिसळ धरून हिशोब करा. 😁

कॅश_संपली
कुठंही घ्या, जीएसटी बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या. लेबलवरचा, बिलावरचा आणि क्रिस्टलडिस्कइन्फोतला, तिन्ही जुळले पाहिजेत. आणि मॉडेलचं नाव तेच असलं तरी आतलं सामान तेच असेल असं नाही. २०२१ मध्ये एकाहून जास्त मोठ्या कंपन्यांनी नाव तेच ठेवून आतली मेमरी बदलली, काहींनी टीएलसीची क्यूएलसी केली. खोक्यावरची वरची ओळ फारशी हलली नाही, कॅश संपल्यावरचा स्पीड कोसळला. जुने रिव्ह्यू वाचून घेणाऱ्यांनी फर्मवेअर आवृत्तीही जुळवून बघावी.

मार्कंडेय_काठ
आभार सगळ्यांचे. करून बघितलं, आकडे देतो.

क्रिस्टलडिस्कइन्फोत दुसऱ्या स्लॉटला '३.० ×२ | ३.० ×४'. स्लॉटची अदलाबदल केली: वाचन ३४२६, लेखन २८९०. ४के क्यू१ वाचन ५३. खानापूरकर म्हणाले तसंच, तिथं हललं नाही.

एच६१ ला एएचसीआय केलं. सीक्वेन्शियल २७८, तेच. ४के क्यू३२ मात्र २३ वरून १७१.

मूळ प्रश्नातलं एक राहिलं: काउंटरवरची दहा मिनिटं.

खानापूरकर
यूएसबीचं केसिंग आणि लॅपटॉप घेऊन जा. एनव्हीएमईचं १० गिगाबिटवालं घ्या, वाचन १००० च्या आसपास आलं म्हणजे पोर्ट, केबल आणि केसिंग ठीक. ४०० च्या घरात आलं तर ५ गिगाबिटचा पोर्ट. ४० आलं तर केबल यूएसबी २ ची. इथं ड्राइव्हचा पूर्ण स्पीड कळणार नाही, खरं बाकी बरंच कळतं.

आधी क्रिस्टलडिस्कइन्फो: सीरियल, फर्मवेअर, पॉवर-ऑन तास. नव्या ड्राइव्हला तास ० किंवा १ हवेत आणि होस्ट राइट्स नगण्य. क्षमता ५१२ जीबीच्या ड्राइव्हला विंडोज ४७६ दाखवणार, त्यावर दुकानदाराशी वाद घालू नका, तो १००० आणि १०२४ चा फरक आहे. मग क्रिस्टलडिस्कमार्क, एकच फेरी: वरची ओळ पोर्ट-केबलसाठी, सगळ्यात खालची ड्राइव्हसाठी. केसिंगमधून ४के चा आकडा थोडा कमी येतो, पण २० च्या खाली गेला तर दुसरा पीस मागा.

कॅश_संपली
आणि घरी आल्यावर, डेटा टाकायच्या आधी, एच२टेस्टडब्ल्यू लावा. तो १-१ जीबीच्या फाइलींनी ड्राइव्ह भरतो आणि परत वाचून ताडून बघतो. क्षमता खोटी असेल तर इथं उघडी पडते. चालू असताना टास्क मॅनेजरमधला डिस्कचा आलेख बघत राहा, कॅशचा कडा तिथंच दिसेल. शेवटी तो जो स्पीड सांगतो ती सरासरी असते, आणि वेगवान एनव्हीएमईवर ती कमीच येते, त्यामुळे ती लिहून ठेवू नका. किती जीबीला पडला आणि पडून कितीवर थांबला, हे दोन आकडे लिहा. झाल्यावर फाइली पुसा, 'ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज'मधून ट्रिम द्या, पंधरा-वीस मिनिटं मशीन नुसतं चालू ठेवा. लगेच दुसरी टेस्ट लावली तर ड्राइव्ह अजून घड्या घालत असतो.

तुमच्या फुटेजसाठी: १४० जीबी कॅशमध्ये बसवायचं तर ४२० जीबी मोकळी जागा हवी. ५१२ मध्ये ते जमवायचं तर ड्राइव्ह जवळपास रिकामा हवा. मिरवणूक आणि लग्नसराईचं काम असेल तर १ टीबी घ्या आणि अर्धा रिकामा ठेवा.

निपाणी_नाका
एएस एसएसडी हा बेंचमार्क लावला. कोपऱ्यात लाल अक्षरात '३१ के बॅड' येतंय. हार्डडिस्कवरून क्लोन केलेला ड्राइव्ह आहे.

टक्स_तिलारी
मूळ हार्डडिस्क एक्सपीच्या काळात पार्टिशन केलेली असणार. तेव्हा पहिलं पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून सुरू व्हायचं. ६३ गुणिले ५१२ म्हणजे ३२,२५६ बाइट, याला ४०९६ ने पूर्ण भाग जात नाही. त्यामुळे ४के चं प्रत्येक लेखन दोन पानांवर पडतं. क्लोन करताना ती खोडही क्लोन झाली. हिरव्या अक्षरात '१०२४ के ओके' यायला हवं. पार्टिशन सरकवणारं कुठलंही चांगलं सॉफ्टवेअर घ्या, त्यात 'अलाइन' पर्याय असतो. आधी बॅकअप.

निपाणी_नाका
वेळ किती लागेल?

टक्स_तिलारी
सगळा डेटा उचलून पुढे सरकतो. ३०० जीबी भरलेला असेल तर साटावर तासभर धरा. लाईट जायच्या वेळेला लावू नका.